बिनदाराच्या घरातली काचेची शेवई

३ मार्च १९७४, रविवार

सकाळपासून भिंगं करतोय. एक लांबट झालं, एकानं तोंड वेंगाडलं, आणि एक जरा बरं जमलं होतं ते आईनं केरात झाडून उकिरड्यावर नेलं. उकिरड्यात खसखशीएवढं भिंग शोधायला गेलो तर आप्पासाहेब चुलते वाटेत उभे. मास्तर, कोंबडीचं काय हरवलं, म्हणाले. उत्तर दिलं नाही. शास्त्र शिकवणाऱ्या माणसानं उकिरड्यावर उत्तरं देऊ नयेत.

खरं तर काम सोपं आहे. काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि फुंकणीनं ज्योत तिच्यावर मारायची. काच लोण्यासारखी झाली की दोन्ही हातांनी सर्रकन ओढायची. केसासारखा तंतू निघतो. मग तंतूचं टोक पुन्हा ज्योतीच्या कडेला न्यायचं. ते वितळतं आणि आपलं आपण गोल होतं. तेच भिंग. मागच्या टोकाला बॅटरी लावली की उजेड तंतूतून पळत येतो आणि भिंगापुढे सुईच्या टोकाएवढा ठिपका पडतो. भिंग वाकडं असलं तर ठिपक्याला शेपूट फुटतं. माझ्या सगळ्या ठिपक्यांना आजवर शेपटं आहेत.

पुण्याला कॉलेजात आम्हाला शिकवणारे सर आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत आहेत. त्यांचं म्हणणं, उद्या टेलिफोन काचेच्या तंतूतून बोलणार, पण उजेड एका तंतूतून दुसऱ्यात घालताना सांडतो, म्हणून टोकाला भिंग हवं. त्यांना हाताचा स्थिर माणूस पाहिजे. पंचवीस तारखेला ते नगरला व्याख्यानाला येणार आहेत. बिनशेपटाचा एक ठिपका दाखव, नोकरी तुझी, असं कळवलंय. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आधी तांब्याच्या तारेतून तरी सोनईला लागू दे.

अडचण एकच. वारा. आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. शनिदेव राखण करतो. करतो हे खरंच, पण वारा काही अडवत नाही. कुत्रं येऊ नये म्हणून आम्ही चौकटीला फळी टेकवतो, तिच्या दोन्ही बाजूंनी मार्चचा वारा पाहुण्यासारखा घरात येतो आणि थेट माझ्या ज्योतीशी जाऊन बसतो. मी शिकवतो त्या सोनईच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला दार आहे, कुलूपही आहे. पण अकरावीच्या बोर्डाचे पेपर तिथं ठेवल्यामुळे किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला आहे. म्हणजे जिथं दार आहे तिथं मला जाता येत नाही, आणि जिथं मी आहे तिथं सगळं गाव येतं.

५ मार्च, मंगळवार

मामाची विजयमाला घोडेगावहून राहायला आली. कुरडया-शेवयांना हात कमी पडतोय म्हणून आईनं बोलावली म्हणे. आईनं मागच्या साली एकटीनं पोतंभर गव्हाचा चीक काढला होता, पण यंदा तिचा हात कमी पडतोय. मी ओळखून आहे. आत्याचं घर, मामाची पोरगी, आणि पुढं पाडवा. मी मात्र मुंबईला जाणार, तेव्हा त्यांचं चालू दे.

विजयमाला अकरावी झालेली आहे आणि बैलांच्या व्यापाऱ्याची मुलगी आहे. त्यामुळे माणसाकडे बघताना ती आधी त्याचे दात बघते असं मला वाटतं. माझ्या तंतूंकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या शेवया लई बारीक हायेत. दुधात घालायच्या का गुळवणीत?" आई हसून हसून परातीत पडायची राहिली.

असल्या मुलीशी बोलण्यात अर्थ नाही. संध्याकाळभर बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं असावं असं वाटत नाही.

८ मार्च, शुक्रवार

पुंजारामाचं काय करावं समजत नाही. देवळाच्या वाटेवर त्याचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. दुकान बंद केलं की तो सरळ माझ्याकडे येऊन बसतो. दार नाही, त्यामुळे लावून घेता येत नाही. आजारी आहे म्हणावं तर औषध घेऊन येतो. झोपलोय म्हणावं तर उशाशी बसून राहतो. त्याला दमा आहे. ज्योतीपासून दोन हातांवर बसून तो श्वास सोडतो आणि माझं भिंग लवंगेसारखं होतं.

आज डोकं फिरलं. त्यानं शंभराव्यांदा विचारलं, यात दिसतं काय? मी म्हणालो, "साडेसाती दिसते. ज्याची त्याला. भीत नसशील तर बघ." तो उठला, वहाणा घातल्या आणि गेला. एवढं साधं औषध आधी का सुचलं नाही.

९ मार्च, शनिवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवार असल्यानं गावात दर्शनाची गर्दी होती. दुपारी पुंजाराम आला, मागं राहुरीकडचे दोन पाहुणे, ओल्या पंच्यानं, डोक्यावरून तेल निथळतंय. यांना साडेसाती बघायचीय, म्हणाला. माझं चुकलं ते इथंच. दुसऱ्या कुठल्या गावात साडेसातीचं नाव काढलं तर माणसं पळतात. पण इथं लोक तिच्यासाठीच गाड्या-घोडी करून येतात, हे मी या गावात जन्मून विसरलो.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. काच, उजेड, वक्रीभवन. त्यांनी हात जोडून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, महाराज, आता दाखवा. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बॅटरी लावून ठिपका दाखवला. ठिपक्याला शेपूट होतं. त्यातला थोरला पाहुणा शेपूट बघून रडायला लागला.

तेवढ्यात विजयमाला पिठाच्या हातानं बाहेर आली, ठिपक्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बाबा, शेपूट म्हंजे ती निघाली. तोंड तिकडं हाय तिचं." पाहुण्यानं तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

खोटं बोललीस, असं मी तिला नंतर म्हणालो. ती म्हणाली, मी फक्त शेपूट कुठं आणि तोंड कुठं ते सांगितलं. बैलाच्या बाजारात वाढलेल्या माणसाशी वाद घालू नये.

१३ मार्च, बुधवार

रोज माणसं येतात. ओसरीवर आता विजयमालाच त्यांना बसवते, पाणी देते आणि आत कुणाला सोडत नाही. आईच्या कुरडया त्यामुळे मागं पडल्यात, पण आईची तक्रार नाही. उलट ती गुणगुणते.

एक चांगलं झालं. विजयमालेनं वाळवणाची जुनी लुगडी ओली करून चौकटीला दुहेरी टांगली. वारा निम्म्यानं कमी झाला. आप्पा येऊन बघून गेले. हे दार तर नव्हे ना, असं विचारलं. ती म्हणाली, न्हाई, धुनं हाय.

आजच्या भिंगाचा ठिपका जवळजवळ गोल होता. ठिपका तपासायला पांढरा कागद लागतो. कागद कोनाड्यात होता, पण उठायचा कंटाळा आला म्हणून विजयमालेच्या तळहातावर पाडला. तिचा हात अजिबात हलत नाही. बराच वेळ तपासला. मग बॅटरीचा मसाला संपला आणि ठिपका गेला, तरी आणखी थोडा वेळ तपासला. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

१७ मार्च, रविवार

जमलं. जमलं. जमलं.

पहाटे वारा पडला होता. आई आणि विजयमाला चीक ढवळत होत्या, गाव शेतावर, पुंजाराम झोपलेला. टोक ज्योतीला लावलं आणि ते असं गोल फिरलं की मीच घाबरून हात मागं घेतला. ठिपका भिंतीवर पाडला. शेपूट नाही, दाढी नाही, काही नाही. मी ओरडलो. विजयमाला पळत आली, हातात पळी, आणि तिनं ठिपका बघितला. इतकी खूश झाली की पळीतला चीक माझ्या सदऱ्यावर सांडला. मला राग आला नाही याचं मलाच नवल वाटलं.

तंतू वीतभर ठेवून तोडला आणि उदबत्तीच्या पुठ्ठ्याच्या नळीत कापूस घालून कोनाड्यात ठेवला. विजयमालेनं विचारलं, आता मुंबईला किती दिवस? मी म्हणालो, "किती दिवस काय? कायमचं." ती बरं म्हणाली आणि आत गेली.

आजच्या चिकात मीठ दुप्पट पडलं. आईनं तिला फैलावर घेतलं. एरवी इतकी हुशार मुलगी, आज कुठं लक्ष होतं कोण जाणे.

२१ मार्च, गुरुवार

आईनं विषय काढलाच. पाडव्याला साखरपुडा करून टाकू, मामा तयार आहे. मी सांगितलं, मुंबईत माझं मलाच राहायला जागा नाही, त्यात बायको कुठं ठेवू, आणि तिला तरी ते आवडेल का. विजयमाला चुलीपाशीच होती. तिनं फुंकणी जरा जोरात आपटली. आवडणार नाहीच हे त्यावरून कळलं. मला थोडं वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

आज तिनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. का ते सांगत नाही.

२३ मार्च, शनिवार

कुठून सुरुवात करावी कळत नाही.

आज शनि-अमावास्या. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यातले निम्मे तेल वाहून झाल्यावर माझ्या ओसरीवर. पुंजारामानं दुकानात येणाऱ्याला माळेबरोबर माझा पत्ताही दिला होता. मी जुनंच एक वाकडं भिंग लोकांना दाखवत होतो, चांगलं कोनाड्यात. सांजेला गर्दी ओसरली तेव्हा नळी उघडली. कापूस होता. तंतू नव्हता.

सगळं घर उपसलं. पीठ चाळलं. आईच्या अंथरुणाचे टाके उसवले. मग ओसरीवर येऊन मी म्हणालो, माझी वस्तू चोरीला गेली. पुंजाराम, आप्पा आणि आणखी पाच-दहा माणसं तिथं होती. या गावात तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. इथं देवाच्या भीतीनं चोरी होत नाही, आणि केली तर चोराचे डोळे जातात.

आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "गहिन्या, बाहेरची मानसं अजून पारावर बसल्यात. हितं वस्तू हरवती. चोरी होत न्हाई. काय म्हनायचं ते इचार करून म्हन." आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हणालो, हरवली. सगळ्यांनी श्वास सोडला.

परवा सकाळी नगर. हातात काय, तर कापूस. मुंबई गेली असं म्हणायला हरकत नाही. मास्तरकी करत इथंच म्हातारा होईन आणि लोकांच्या साडेसातीला शेपूट आहे का ते सांगत बसेन. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलंय, दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२४ मार्च, रविवार, पाडवा

सकाळी उठलो तर विजयमालेचा डावा डोळा लाल होऊन टम्म सुजलेला. कालच्या गर्दीत धूळ गेली असणार. आईनं धन्याचं पाणी घातलं. पुंजाराम शुभेच्छा द्यायला आला, तिच्या डोळ्याकडे बघून म्हणाला, "अगं बया." ती पदर ओढून आत गेली, आणि नंतर कितीतरी वेळ एकटीच गुढी बांधत बसली. कडुलिंब, गाठी, फुलं, सगळं तिनंच. मला जवळ येऊ दिलं नाही. गुढी उभी राहिली तेव्हा ती देवाला हात जोडून उभी होती. तिला इतका वेळ हात जोडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

आप्पा आले. त्यांनी तिचा डोळा बघितला, मग गुढी बघितली, मग पुन्हा डोळा बघितला. मला म्हणाले, रडू नको, गुढी उतरंपर्यंत सापडंल. म्हाताऱ्या माणसांना असं बोलायची सवय असते.

मी दुसरं भिंग करायला बसलो. वारा असा सुटला होता की गुढीचा तांब्या वाजत होता. ओलं लुगडं शिडासारखं फुगत होतं. एक तंतू वाकला, दुसरा ज्योतीतच तुटला. तिसऱ्याला मी फुंकणी फेकून दिली आणि गुडघ्यात डोकं घालून बसलो. सणाचा दिवस, ओसरीवर पाडव्याला आलेली माणसं, आणि मी त्यांच्यासमोर असा. लाज वाटत होती, पण उठवत नव्हतं.

तेव्हा विजयमाला बाहेर गेली. पदराखालून एका डोळ्यानं सगळ्यांकडे बघत म्हणाली, "दार लावता येत न्हाई ना? मंग आपुन उभं ऱ्हाऊ."

मग आप्पा उठले, फेटा सारखा केला आणि चौकटीत जाऊन आडवे उभे राहिले. त्यांच्या शेजारी पुंजाराम. त्यांच्या मागं आणखी माणसं, खांद्याला खांदा. मागच्या चौकटीत आई आणि आळीतल्या बाया. फटीत पोरं कोंबली. घरात अंधार झाला. माझ्या जन्मात या घरात मी भरदुपारी अंधार पाहिला नव्हता. आणि ज्योत उभी राहिली, सरळ, देवघरातल्यासारखी.

काच तापवली, ओढली. टोक कडेला नेलं. सगळ्या गावानं श्वास धरला होता. दम्याच्या पुंजारामानंही धरला होता, त्याच्या घशातून बारीक शिट्टी येत होती ती थांबली. टोक गोल झालं. मी बॅटरी लावली आणि ठिपका समोर पाडला. समोर विजयमाला होती, तिनं तळहात पुढं केला. त्यावर तो ठिपका पडला, टाचणीच्या टोकाएवढा, गोल. पुंजारामानं श्वास सोडला, तेव्हा दार मोडलं आणि सगळी हसायला लागली.

सूर्य मावळायच्या सुमाराला आईनं गुढी उतरवली. कडुलिंबाच्या डहाळीत, गाठीच्या दोऱ्याला अलगद बांधल्यासारखा, माझा हरवलेला तंतू. टोकावरचं भिंग शाबूत. आप्पा म्हणाले, सांगितलं हुतं. मला वाटतं काल वाऱ्यानं कोनाड्यातून उडून डहाळीच्या भाऱ्यात अडकला असेल. विजयमालेनंच गुढी बांधली, तिला कसा दिसला नाही? पण बिचारीला एकाच डोळ्यानं दिसत होतं.

रात्री जेवताना तिच्या डोळ्याची सूज उतरलेली होती. आईच्या धन्याच्या पाण्याला तोड नाही.

२६ मार्च, मंगळवार

नगरहून काल उशिरा आलो. सरांनी व्याख्यान संपल्यावर कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही भिंगं बघितली. पहिलं चांगलं आहे, म्हणाले. दुसऱ्यावरून मात्र डोळा काढेनात. अशी वाराबंद खोली तुझ्या गावात कुठं मिळाली, असं विचारलं. मी सांगितलं, खोलीला दार नव्हतं, माणसं होती. ते हसले. त्यांना गंमत वाटली, मी मात्र खरं तेच सांगत होतो. जूनपासून मुंबईला या, म्हणाले.

आईला सांगितलं. इतके दिवस जायचं जायचं म्हणत होतो, आणि आता ओसरीवर बसलो तर आप्पा, पुंजाराम, फळी, लुगडं, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. ही माणसं उद्या आत आली नाहीत तर मला करमणार नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

विजयमाला कुरडया डब्यात भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, मुंबईच्या खोलीला दार असंल? मी म्हणालो, असतं, कडीसकट. "मंग आतून कडी लावायला कुनीतरी लागंल," ती म्हणाली. मी म्हणालो, त्यात काय, कडी मला एकट्यालाही लावता येते. आईनं आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

मग मी थोडा विचार केला. तंतू, गुढी, डोळा, दुप्पट मीठ. मास्तर असलो तरी शेवटी मलाही दोन अधिक दोन येतात. मी विचारलं, "विजयमाला, तो तंतू वाऱ्यानंच गुढीत नेला ना?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "वाऱ्यानंच," म्हणाली. "पुन्हा कुनी कायमचं जातो म्हनलं, तर पुन्हा न्हेईल."

तिचे दोन्ही डोळे स्वच्छ होते आणि दोन्ही हसत होते. मी तिच्या हातातला डबा घेतला आणि फळीवर ठेवला.

मामाला आज घोडेगावी निरोप धाडला. मुंबईच्या खोलीत हवा खेळती नसते असं ऐकलंय. इथला वारा सोबतच घेऊन जावा म्हणतो.